मोरीपासून चंद्रभागेपर्यंत

गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे आपण वाडे, देवळे, लढाया आणि थोर पुरुष यांच्याविषयी लिहितो. पाण्याविषयी कोणी लिहिलेच, तर गावात पाणी कसे आले एवढेच लिहितात. धरण कोणी बांधले, हौद कोठे होते, नळ कधी आले, हे सारे सापडते. पण तेच पाणी वापरून झाल्यावर कोठे गेले, हे नोंदवून ठेवावे असे फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही. आपणा बायकांना मात्र हा प्रश्न रोजचा आहे, कारण पाणी भरणे आणि मोरी घासणे ही दोन्ही कामे आपल्याच वाट्याला आली. म्हणून मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत मोरीच्या पाण्याचा इतिहास सांगावा असे मी ठरविले. विषय ऐकून कोणी नाक मुरडील, तर मुरडू दे. नाक मुरडून पुढे जाण्याची आपली सवय हाच या इतिहासाचा अर्धा भाग आहे.

आपल्या पुण्यापासूनच आरंभ करू. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, सुमारे १७५० साली, कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात पाणी आणले गेले. ठिकठिकाणी उच्छ्वास आणि हौद बांधले. आज आपण त्या कामाचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण हौदावरून हंड्याने पाणी वाहून आणावयाचे म्हणजे ते जपूनच वापरले जाई. भाजी धुतलेले पाणी तुळशीला, मोरीचे पाणी परसातल्या अळूला आणि केळीला, अशी रीत होती. त्या अळूच्या वाफ्याला कोणी शास्त्र म्हटले नाही. पण मातीतले सूक्ष्म जीव त्या पाण्यातली घाण खात, अळू उरलेला कस घेई, आणि पाणी मुरून जाई. घरोघर परसात एक छोटेसे शुद्धीकरण केंद्रच होते म्हणा ना.

मात्र त्या काळाचे फार गोडवे गाऊ नयेत. मोरीच्या पाण्याची सोय अळूने केली, तरी संडासाची सोय माणसाने माणसाच्या डोक्यावर ठेवली होती. टोपलीचे संडास होते आणि ती टोपली एका ठरावीक जातीच्या स्त्रीपुरुषांनी उचलावयाची, असा नेम होता. जी माणसे गावाची घाण वाहून नेत, त्यांनाच गावाच्या हौदावर पाण्याला शिवता येत नसे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. पाणी आणि घाण यांचा इतिहास जातीचा इतिहासही आहे, एवढे त्यावरून ध्यानात ठेवावे.

त्या दिवसांत नदीलाही घाण पचविण्याची ताकद होती. वाहत्या पाण्यात हवा मिसळते, त्या हवेवर सूक्ष्म जीव जगतात आणि घाण खाऊन टाकतात. घाण थोडी आणि पाणी पुष्कळ असेल, तर चार कोस पुढे गेल्यावर नदी पुन्हा निवळते. आपल्या पूर्वजांना नदी पवित्र वाटली, त्यात हा अनुभवही असावा. पण कोणाच्याही पचनशक्तीला मर्यादा असतेच. पाहुण्याला आग्रह करकरून वाढले, तर शेवटी त्याचे पोट बिघडणारच.

पुढे इंग्रजी अमलात १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले. छावणीला आणि शहराला पाणी मिळू लागले. हळूहळू नळ आले, आणि बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला. हे फार मोठे सुख झाले, ते नाकारून चालणार नाही. पण एक गोष्ट मागे राहिली. शंभर हंडे पाणी आत आले तर ऐंशी हंडे बाहेर जाणार, त्यांची वाट कोठे? ती वाट आयतीच सापडली. नागझरी, आंबील ओढा, भैरोबा नाला हे जे पावसाचे ओढे होते, त्यांनाच गावाने आपली गटारे केली. हे ओढे नदीला मिळत. नळाच्या एका टोकाला धरण आणि दुसऱ्या टोकाला मुठा, असा प्रकार झाला. विसाव्या शतकात जमिनीखालून गटारांचे नळ आले, टोपल्या हळूहळू गेल्या, रस्ते दिसावयास स्वच्छ झाले. पण मैला दिसेनासा झाला म्हणजे नाहीसा झाला, असे नव्हे.

याबद्दल आधी कोणी सावध केले नव्हते असेही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही परिचारिका हिंदुस्थानात कधी आली नाही. पण येथल्या लष्करी छावण्यांची माहिती मागवून तिने अभ्यास केला, आणि १८६३ साली राजकीय आयोगाच्या अहवालाबरोबर आपले म्हणणे मांडले. सांडपाण्याच्या निचऱ्याची सोय नाही, म्हणून शिपाई लढाईपेक्षा रोगाने अधिक मरतात, असा तिचा रोख होता. घरकामातली स्वच्छता आणि राज्यकारभार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे एका बाईने सरकारला सांगितले, म्हणून ही आठवण येथे मुद्दाम नोंदविते.

आता कोणी म्हणेल की ही चूक आपल्याच लोकांची. तसे नाही. ज्या लंडनहून आपल्यावर राज्य चालत होते, तेथे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली आणि सहाशेंवर माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवून दिले की, ही माणसे एकाच पंपाचे पाणी पीत होती. पुढे उलगडा झाला तो असा. जवळच्या एका घरात तान्हे मूल आजारी होते. त्याच्या आईने दुपटी धुतलेले पाणी घरापुढच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले, आणि तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता. त्या माउलीचा यात काय दोष? तिने तेच केले जे कोणतीही आई करील. दोष खड्डा आणि विहीर शेजारी शेजारी ठेवणाऱ्या गावाचा.

चारच वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, थेम्स नदीला इतकी घाण सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. पडदे ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवून टांगले, तरी उपयोग होईना. गरिबांची वस्ती वर्षानुवर्षे तो वास सोसत होती, तेव्हा कायदा झाला नाही. सभासदांच्या नाकाला झोंबला, तेव्हा अवघ्या अठरा दिवसांत झाला! मग जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअराने शहराखालून मोठमोठी गटारे बांधली आणि सारा मैला शहराच्या खालच्या अंगाला, बेक्टन आणि क्रॉसनेस येथे, नेऊन नदीत सोडला. लंडनची पटकी गेली. पण १८७८ साली तेथेच ‘प्रिन्सेस अॅलिस’ नावाची आगबोट दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. सहाशेंहून अधिक लोक गेले, आणि ते ज्या पाण्यात पडले ते नुकत्याच सोडलेल्या मैल्याने भरलेले होते. घाण आपल्या दारातून हलवून दुसऱ्याच्या दारात नेणे म्हणजे स्वच्छता नव्हे, हा धडा इतका दारुण किंमत देऊन मिळाला.

खरा उपाय सापडला तो १९१४ साली, मँचेस्टर शहराच्या डेव्हीह्यूम येथील केंद्रात. आर्डर्न आणि लॉकेट या दोघा रसायनतज्ज्ञांनी मैलापाण्यात हवा फुंकून पाहिली. पहिल्या वेळी पाणी शुद्ध व्हावयास काही आठवडे लागले. तळाशी जो गाळ बसला, तो एरवी लोक फेकून देत. या दोघांनी तो ठेवला आणि त्यावरच नवे मैलापाणी ओतले. असे पुनःपुन्हा केल्यावर जे काम आठवड्यांचे होते, ते एका दिवसाच्या आत होऊ लागले. भगिनींनो, ही गोष्ट वाचल्यावर तुमच्या मनात जे आले, तेच माझ्याही आले. हे तर विरजण! कालचे दही थोडे मागे ठेवावे आणि त्यावर आजचे दूध लावावे. त्या गाळात घाण खाणारे सूक्ष्म जीव तयार झालेले असतात, आणि तेच नव्या पाण्याचे काम झटपट उरकतात. दह्याच्या जीवांना हवेची फारशी गरज नसते, या जीवांना हवा भरपूर लागते, एवढाच काय तो फरक.

आज आपल्या शहरातील पुष्कळशा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांत हीच युक्ती निरनिराळ्या रूपांत वापरली जाते. प्रथम पाणी जाळीतून जाते, तेथे चिंध्या आणि प्लॅस्टिक अडकते. मग वाळू आणि खडे खाली बसू देतात. त्यानंतर मोठ्या टाकीत खालून हवा सोडतात. रात्रंदिवस बुडबुडे येत असतात आणि जीव आपले काम करीत असतात. मग पाणी निवांत ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी क्लोरिन देऊन सोडतात. थोडा गाळ विरजणासाठी परत नेतात, उरलेला कुजवून त्यातून ज्वलनाचा वायू आणि खत मिळविता येते. यात जादू काही नाही. पण वीज बंद पडली की हवा बंद, हवा बंद की जीव मेले, आणि मग पुन्हा विरजण धरावयास वेळ लागतो. म्हणून केंद्र बांधले एवढ्याने भागत नाही. ते चोवीस तास चालले पाहिजे. उद्घाटनाची फीत एका दिवसात कापली जाते, हवा मात्र रोज फुंकावी लागते.

मौज अशी की, ही विद्या आपल्या देशात फार लवकर आली. आर्डर्न आणि लॉकेट यांना ज्यांचे मार्गदर्शन लाभले ते डॉ. गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे शोध लागल्यावर दोनच वर्षांत जाणकार माणूस आपल्या देशात होता. आपले घोडे अडले ते ज्ञानावाचून नव्हे.

ते अडल्याची किंमत काय पडते, हे स्वातंत्र्यानंतर राजधानीतच दिसले. १९५५ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीजवळ यमुनेचा प्रवाह बदलला. नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलटे चढून वझीराबाद येथे शहराचे पिण्याचे पाणी जेथून उचलत, तेथवर पोचले. अधिकाऱ्यांनी क्लोरिन वाढविले, त्यामुळे पटकी आणि विषमज्वर टळले. पण काविळीचा विषाणू त्या क्लोरिनला दाद देईना. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीचे सुमारे २९,३०० रोगी झाले. ही कावीळ नेमकी कोणती, हे कळावयास पंचवीस वर्षे लागली. दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने, तसेच अहमदाबादच्या १९७५–७६ च्या आणि आपल्या पुण्याच्या १९७८–७९ च्या साथीतले नमुने तपासून, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८० साली दाखवून दिले की, हा तोपर्यंत ओळखलेल्या दोन्ही प्रकारांहून वेगळा रोग आहे. पुढे त्याला हेपटायटिस ‘ई’ हे नाव पडले.

हा रोग मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. धट्टाकट्टा माणूस बहुधा त्यातून उठतो. पण गरोदर बाईला तो शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर शंभरातल्या वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. गटाराचा प्रश्न हा इंजिनिअरांचा आणि नगरसेवकांचा प्रश्न, असे आपण समजतो. पण गटार फुटून नळात शिरले, तर पहिला घाला पडतो तो पाळण्यावर आणि ओटीवर. म्हणून हा विषय महिला मंडळाचा आहे, आणि हळदीकुंकवाला बोलण्याइतका आपला आहे.

त्यानंतर आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५८ साली नागपुरास सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली, तीच आजची ‘नीरी’. महाराष्ट्राने १९६९ साली पाण्याचे प्रदूषण रोखण्याचा कायदा केला आणि १९७० साली मंडळ नेमले. सबंध देशाचा कायदा १९७४ साली झाला. म्हणजे आपले राज्य देशाच्या पुढे होते. पण कायद्याच्या धाकाची चर्चा झाली ती बहुतेक कारखान्यांविषयी. कारखान्याचे रंगीत पाणी डोळ्यांना दिसते आणि त्याच्या मालकाचे नाव घेता येते. घराघरांतून येणाऱ्या मैलापाण्याचा मालक कोण? आपण सगळेच, म्हणून कोणीच नाही.

इकडे पुणे वाढत होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकाम चालू असलेले धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्या पुराच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. धरणे पुन्हा उभी राहिली, अधिक मोठी झाली. शहर डोंगरापर्यंत पसरले. शेजारी पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ साली झाली. २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे पुणे महापालिकेत आली. प्रत्येक वेळी क्रम एकच राहिला. आधी इमारत, मग नळ, मग रस्ता, आणि सर्वांत शेवटी, उरलाच पैसा तर, मैलापाण्याची वाट. तोवर ओढा आहेच! २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने किती घरे उद्ध्वस्त केली, हे आपण विसरलेलो नाही. ज्या ओढ्याला आपण गटार म्हणून अरुंद करीत आणले, त्याने आपण ओढा असल्याची आठवण करून दिली.

मैलापाणी शुद्ध करण्यासाठी २०१६ साली जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जाचा करार झाला. सुमारे ९९० कोटी रुपयांची ही योजना असून तीत रोज ३९६ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करणारी ११ नवी केंद्रे बांधावयाची ठरली. २०२२ पर्यंत ती पुरी व्हावयाची होती, ती मुदत टळली. सबंध महाराष्ट्राचा हिशेब केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली छापला. राज्यातील शहरांतून रोज ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी निघते, शुद्ध करण्याची केंद्रे आहेत ती ६,८९० दशलक्ष लिटरांची, आणि प्रत्यक्षात त्या वेळी शुद्ध होत होते ते एकूण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. याच मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले, त्यांतील ५३ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्वांत अधिक. ज्या राज्याने कायदा आधी केला, त्याचीच ही गत.

आता हे दशलक्ष लिटर आपल्या घरच्या मापात आणू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असे सरकारी प्रमाण आहे, आणि त्यातले शेकडा ८० मोरीतून व संडासातून परत जाते असे धरतात. पाच माणसांच्या घरातून रोज ५४० लिटर झाले. पंधरा लिटरांचा हंडा धरला, तर ३६ हंडे. आपल्या आज्या नदीवरून हंडे आणीत. आपण रोज ३६ हंडे नदीकडे पाठवितो, आणि ते भरलेले कशाने असतात हे सांगावयास नको.

आणि हे हंडे जातात कोठे? संगमावर मुळा आणि मुठा मिळतात. मुळामुठा पुढे रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणात जाते. हे धरण १९८० साली पुरे झाले, आणि सोलापूर शहर ज्या पाण्यावर जगते त्यातला मोठा हिस्सा तेथला. उजनीच्या खाली हीच भीमा पंढरपुरास पोचते, आणि तेथे वळण घेऊन चंद्रभागा होते. आषाढीला आपल्या गल्लीतून पालखी जाते तेव्हा आपण वारकऱ्यांचे पाय धुतो, त्यांना चहा देतो, लाडू देतो. मनात एवढेच येते की, वारकरी ज्या पाण्यात डोके बुडवून पांडुरंगाचे नाव घेणार, त्यात आपल्या मोरीचाही वाटा आहे. गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला, आणि पंढरपुरास देवळात न जाता लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या महाराष्ट्रात चंद्रभागेकडे जाणारे पाणी तरी निर्मळ असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आणखी एक वाटा आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. टोपली गेली, पण गटाराच्या चेंबरमध्ये माणूस उतरविणे थांबले नाही. आत विषारी वायू साठतो आणि उतरलेला माणूस वर येत नाही, त्याला वाचवावयास गेलेलाही येत नाही. १९९३ आणि २०१३ साली याविरुद्ध कायदे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली, आणि २०२३ साली ती ३० लाख केली. पण पैशाने कोणाचे कुंकू परत येत नाही. चेंबर तुंबते कशाने, हे आपल्याला ठाऊक आहे. कपड्यात गुंडाळून संडासात टाकलेले पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले रुमाल, मोरीत ओतलेले तळणीचे तेल. पुण्यात कचरावेचक भगिनींच्या ‘स्वच्छ’ या संस्थेने, अशी वस्तू कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळी द्या, म्हणून मोहीम केली. एक ठिपका काढावयास क्षणभर लागतो. त्याने एखाद्याच्या घरचा कर्ता माणूस गटारात उतरण्यापासून वाचू शकतो.

चांगले होते त्याचीही नोंद केली पाहिजे. नागपूर शहराचे मैलापाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून त्यातले रोज १३० दशलक्ष लिटरांपर्यंत पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना झाली आणि ती अमलात आली. तेवढे धरणाचे पाणी लोकांना पिण्यासाठी वाचले. ज्याला आपण घाण म्हणून हाकलतो, त्याला विकत घेणारा गिऱ्हाईक निघाला! आणि ती थेम्स? १९५७ साली तज्ज्ञांनी तिचा लंडनजवळचा भाग मेला असे ठरविले होते. शुद्धीकरण केंद्रे सुधारली, आणि १९७४ साली तिच्यात सॅमन मासा पुन्हा सापडला. हा मासा स्वच्छ पाण्यावाचून जगत नाही. म्हणजे मेलेली नदी परत येऊ शकते. मात्र ती नवसाने येत नाही, ती हिशेबाने येते.

म्हणून हिशेब विचारण्याचे काम आपण घ्यावे असे मला वाटते. नळाला पाणी आले नाही, तर आपण हंडे घेऊन मोर्चा काढतो. पण आपल्या भागाचे मैलापाणी कोणत्या केंद्रात जाते, ते केंद्र रात्री चालू असते का, वीज गेल्यावर काय करतात, ओढ्यात थेट सोडलेल्या वाहिन्या किती आहेत, हे विचारावयास आपण कधी गेलो नाही. मते मागावयास येणाऱ्यांना नळाचे आश्वासन द्यावे लागते, गटाराचे द्यावे लागत नाही, कारण ते कोणी मागतच नाही. येत्या वर्षी मंडळाच्या सभेत हे चार प्रश्न लिहून काढावेत, सह्या कराव्यात आणि पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन लेखी उत्तर मागावे, अशी सूचना या लेखाच्या निमित्ताने मांडते. घरात ज्याने त्याने तेल आणि चिंध्या मोरीबाहेर ठेवाव्यात, कपडे धुण्याची पावडर मापाने घालावी. त्या पावडरीतले आणि मैल्यातले खाद्य खाऊनच नदीवर जलपर्णी माजते आणि मग संध्याकाळी डासांचे थवे आपल्याच खिडकीत येतात.

पाणी आणणाऱ्यांची नावे गावाने दगडावर कोरली. आता पाणी स्वच्छ करून पुढच्या गावाच्या स्वाधीन करणाऱ्यांचा इतिहास लिहिला जावा. त्यात मोठे नाव कोणाचेच नसेल, पण कोठेतरी एका ओळीत पेठेतल्या महिला मंडळाचा उल्लेख यावा, एवढी इच्छा धरावयास हरकत नाही.